सेवापुस्तकातलं मागचं पान

आमच्या वसतिगृहातल्या कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं भंडाऱ्याच्या ऑफिसात असतात. तुम्ही नोकरीला कधी लागलात, अंगावर खूण कुठं आहे, शिक्षण किती, रजा कधी घेतली, कुणी काय शेरा मारला, हे सगळं त्या एका लांबट पुस्तकात लिहिलेलं असतं. वर्षातून एकदा, संक्रांतीच्या आगंमागं, आम्हा चौथ्या श्रेणीच्या माणसांना त्यावर सही करायला बोलावणं येतं.

सहीची एक रीत होती. ऑफिसातले बाबू टेबलावर पुस्तकांची चळत घेऊन बसायचे. नाव पुकारलं की पुढं जायचं. बाबूंचा डावा हात पानावर पसरलेला असायचा आणि उजव्या हाताचं बोट खालच्या एका चौकटीवर. "इथं." आपण सही करायची. "चला, पुढचा." पान उलटून बघायचं नसायचं. तसा काही हुकूम नव्हता. पण उलटलं म्हणजे बाबूंवर तुमचा भरवसा नाही असं व्हायचं, आणि ज्यांच्या हातात आपली रजा, आपली बदली, त्यांच्यावर भरवसा नाही असं कोण दाखवील? माझ्या पहिल्याच वर्षी एका माळ्यानं पान उचलून मागं डोकावलं होतं. बाबू म्हणाले, "का शोधून राहिला बे? तुह्या आज्यानं सोनं पुरून ठेवलं का तेच्यात?" सगळी रांग हसली. मीही हसले. माळ्यानं पान सोडलं आणि निमूट सही केली.

त्या चौकटीच्या वर छापलेलं असतं की नोंदी मी स्वतः वाचल्या आणि त्या बरोबर आहेत. चौदा वर्षं मी त्याखाली सही केली. एकही नोंद वाचलेली नव्हती.

मी मूळची सांगलीकडच्या दुष्काळी जत भागातली. सहावीत असताना आई गेली, धाकट्या भावाला बघायला घरात कुणी नव्हतं, तेव्हा शाळा तिथंच थांबली. लग्न झालं ते भंडाऱ्याकडं वसतिगृहात चौकीदार असलेल्या माणसाशी. भंडारा किती लांब हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ठाऊक नव्हतं. "सरकारी हाय" एवढं कळलं आणि त्यांनी होकार दिला. पवनीच्या रस्त्यानं पहिल्यांदा आले तेव्हा दोन्ही बाजूंना तळी, तळ्यांच्या खाली धानाची खाचरं, सगळीकडं पाणीच पाणी. मी नवऱ्याला विचारलं, "हे एवढं पाणी कुणाचं?" ते हसले. म्हणाले, "तुझंच समज." चार वर्षांनी ते काविळीनं गेले. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या जागी अनुकंपावर मला घेतलं, कोंढ्याकडच्या एका गावात, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण म्हणून.

अनुकंपाचे ते सगळे कागद बाबूंनीच भरून दिले होते. मी पाच हेलपाटे घातले आणि पाचही वेळा ते म्हणाले, "बाई, तुमी फक्त सही करा, बाकीचं मी पाह्यतो." खरंच पाहिलं त्यांनी. ते नसते तर मी कुठं असते याचा विचारसुद्धा करवत नाही. सही करायची आणि बाकीचं बाबूंवर सोडायचं ही सवय मला तिथूनच लागली, आणि ती उपकाराच्या पोटी लागली म्हणून सुटायलाही वेळ गेला.

या जिल्ह्यानं मला दिलं ते पुष्कळ. वाचायलाही मी इथंच नव्यानं शिकले. संध्याकाळी मुलींचा अभ्यासाचा तास असतो, तेव्हा मी मागं भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसते. मुली मोठ्यांदा वाचतात, मी मनातल्या मनात. कुणी चुकलं तर आता मलाही कळतं. पण मी भित्री आहे. गॅस बंद केला का हे बघायला दोनदा परत येते. ऑफिसचं पाकीट आलं की उघडायच्या आधी देवापुढं ठेवते. आणि पोरींच्या पंगतीआधी अर्धा तास माझं ताट वाढून घेते. आधी मी जेवते, घड्याळाकडं बघत बसते, मला काही झालं नाही की मग घंटा वाजवते. नव्या मुलींना वाटतं बाई हावरट आहे.

त्या ताटाचं कारण सांगायला पाहिजे.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. रविवारी दुपारी भात, लाखोळीची डाळ आणि वांग्याची भाजी केली होती. तीन वाजता एक मुलगी उलटी करायला पळाली, तिच्यामागं दुसरी. चारपर्यंत नऊ मुली आडव्या. गृहपाल मॅडमनी गावातली जीप बोलावली आणि आम्ही त्यांना पवनीच्या दवाखान्यात नेलं. सगळ्या दुसऱ्या दिवशी बऱ्या होऊन आल्या, देवाची कृपा. पण आठवड्यानं माझ्या नावाचं पाकीट आलं. कारणे दाखवा. लाखोळीचं नाव आधीच वाईट, पाय लुळे करते म्हणतात; ती नीट धुतली नाही, म्हणून मुलींना बाधा झाली असं त्यात होतं, आणि खुलासा सादर करा.

पाकीट घेऊन मी भंडाऱ्याला बाबूंकडं गेले.

"हे पाहा बाई," ते म्हणाले, "लंबं-चौडं लिवू नका. चूक झाली, माफी असावी, पुढं असं होनार नाई. बस्. माफी मांगली का साहेब फाईल बंद करते."

"पण डाळ चांगली होती हो बाबू. तीन पाण्यानं धुतलेली."

"चांगली होती मनाल तं मंग चौकशी लागंन. माणसं येतीन, बयान घेतीन. पाह्यजे का तुमाले थे?"

नको होतं. त्यांनी सांगितलं तसं माझ्या अक्षरात लिहून दिलं. चूक झाली. माफी असावी. खाली सही.

त्यानंतर कसलंच पाकीट आलं नाही. महिनाभरात गृहपाल मॅडमची बदली झाली, बाबूंनी विषय काढला नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारलं तर झोपलेलं काहीतरी उठून बसेल अशी धास्ती होती. पण नऊ मुलींना मी आजारी पाडलं असं कागदावर आहे, आणि ते माझ्याच अक्षरात आहे, हे मी धरून चालले. एखादी मुलगी नुसती पोट दुखतं म्हणाली तरी मी आधी डाळीचं पातेलं हुंगून बघायचे.

मधल्या काळात भाऊ पुण्याला गेला. आबा गावात एकटे. म्हणून मी सांगलीकडं बदली मागायला लागले. एका विभागातून दुसऱ्या विभागात बदली मिळणं अवघड असतं, पण मिळते. माझ्याबरोबरच्या दोघींना मिळाली. मी चार वेळा अर्ज केला. एकाचंही उत्तर नाही. माझ्या नशिबात नाही म्हणून गप्प बसले. मागच्या वर्षी आबा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले आणि त्यांचा खुबा दुखावला. शेजारची सून दोन वेळा भाकरी आणून द्यायची. फोनवर आबांचा आवाज तेवढा ठणठणीत.

"तुझं सरकार तुला सोडंना व्हय गं?"

"अर्ज केलाय आबा."

"माझ्या म्हशीचं दावंबी एवढं घट्ट न्हाई."

मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र कणीक मळताना पाणी किती घातलं याचं भान राहिलं नाही, सगळी पातळ झाली.

आमचे आताचे चौकीदार इथलेच, तळ्यात मासे धरणाऱ्या घरातले. मला 'बाई' म्हणतात, मी त्यांना दादा. दुपारचं काम उरकलं की ते ओट्यावर जाळं घेऊन बसतात आणि फाटलेलं विणतात. त्यांना मी बदलीचं सांगितलं.

"चार अर्ज गेले अन् एकाचंई उत्तर नाई?" हात न थांबवता ते म्हणाले. "मंग कुठंतरी अडकलं, बाई. जाळं जड लागलं तं आमी काठावरून वढत नाई बसत. पाण्यात उतरतो अन् पाह्यतो, खुंट हाये का गोटा हाये. तुमी फाईल पाहा तुमची."

"माझी फाईल मी कशी बघू? ती ऑफिसची आहे."

"नाव कोनाचं हाये तेच्यावर?"

"नाव माझं आहे."

"मंग? शेजारनीची पाह्यतो मनून राहिल्या का तुमी?"

"रागावतील हो."

"रागावू द्या न बाप्पा. खाऊन टाकते का?"

मग मी त्यांना सांगितलं. नऊ मुली, लाखोळी, माफी. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "आत काय आहे ते मला माहीत आहे दादा. म्हणून तर बघायचं नाही."

त्यांनी जाळं मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "माहीत हाये मनता, पण पाह्यलं तं नाई. मी येतो संगं. मंगळवारी माही सुट्टी हाये."

अर्ज मी स्वतः लिहिला. चार कागद फाडले. पाचव्यावर दोन ओळी जमल्या: मला माझे सेवापुस्तक व वैयक्तिक फाईल पाहावयाची आहे, तरी परवानगी मिळावी ही विनंती. मंगळवारी आम्ही एसटीनं भंडाऱ्याला गेलो. स्टँडवरून ऑफिसपर्यंत दादा रिक्षा करू म्हणत होते, मी चालतच नेलं त्यांना. तेवढाच उशीर.

जुने बाबू दोन वर्षांमागं रिटायर झाले. त्यांच्या खुर्चीवर आता एक तरुण मुलगी आहे. सहीची रीत तिनंही तशीच चालू ठेवली होती, तोच डावा हात, तेच बोट. तिनं अर्ज वाचला आणि वर पाहिलं.

"कशासाठी पाहिजे?"

"काही नाही मॅडम, असंच."

"असंच नाई," मागून दादा म्हणाले. "बदली अडकली हाये बाईची. काहून अडकली थे पाह्याचं हाये."

मला वाटलं, संपलं आता. पण ती म्हणाली, "सेवापुस्तकासाठी अर्ज कायले? ते तर दरवर्षी दाखवायचंच असते. नियमच आहे. तुमच्या सह्या आहेत न, वाचलं म्हणून."

"सह्या आहेत."

"मग?"

"वाचलं नाही कधी."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग स्वतःच्या डाव्या हाताकडं तिनं पाहिलं, आणि तिचा चेहरा लाल झाला. "मीपण वाचू देलं नाही म्हणा न," ती हळू म्हणाली. "मला जसं शिकवलं तसं करून राहिली होती. बसा तुम्ही. पर्सनल फाईलसाठी साहेबांना विचारून येते."

तिनं खुर्ची दिली. त्या ऑफिसात मी चौदा वर्षं उभी राहिले होते. बसल्यावर टेबल छातीपर्यंत आलं आणि मला शाळेतल्यासारखं वाटलं. साहेबांनी हो म्हटलं, दहा मिनिटांत. दहा मिनिटांत! मी मनात त्यांच्याशी अकरा वर्षं भांडत होते.

आधी सेवापुस्तक आलं. पहिल्या पानावर माझा फोटो, डोळे वटारलेले, गळ्यातलं नुकतंच उतरवलेलं. खाली दहा बोटांचे ठसे. शिक्षणाच्या रकान्यात लिहिलेलं: सहावी अनुत्तीर्ण. नापास कुठं झाले होते मी? परीक्षेलाच बसले नव्हते. बोटानं ओळ धरून पुढं वाचत गेले. रजा. गावी गेले ती रजा. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाची रजा. मग एका पानावर लाल शाईत एक ओळ: विद्यार्थिनींना विषबाधा, कारणे दाखवा नोटीस दिली, खुलासा प्राप्त, चूक मान्य, विभागीय चौकशी प्रस्तावित.

त्याच्या खाली काहीच नाही. पुढच्या पानांवर नुसत्या माझ्या सह्या.

"हेच," ती मुलगी म्हणाली. "बदलीचा अर्ज आला का वरून विचारतात, चौकशी प्रलंबित आहे का? आम्ही हे पान पाहतो अन् लिहितो, आहे. अर्ज तिथंच थांबते. तुम्हाला कोणी सांगतलं नाही?"

मी नाही म्हणून मान हलवली. चौकशी नको म्हणून माफी लिहून दिली होती, आणि चूक मान्य म्हणूनच चौकशी धरली होती. बाबूंनाही हे कळलं नसावं.

मग फाईल आली, फडक्यात बांधलेली. तिनं गाठ सोडली. पाकिटातली ती नोटीस, त्याच्या मागं माझा खुलासा, लहान मुलीच्या अक्षरासारखा गोल गोल. आणि त्याच्या मागं दोन कागद, अक्षर वेगळं, तिरकं, घाईतलं. खाली सही गृहपाल मॅडमची.

मी वाचायला लागले. एक ओळ वाचली आणि परत पहिल्या शब्दावर आले.

"बाई, मोठ्यानं वाचा न," दादा म्हणाले. "मलेबी आयकू द्या."

मी मोठ्यानं वाचलं. मॅडमनी लिहिलं होतं की दुसऱ्या दिवशी त्या स्वतः शिडी लावून छतावर गेल्या. पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं. आत मेलेलं कबुतर होतं. झाकणासाठी त्यांनी आधी दोनदा लिहून मागणी केली होती. ज्या मुली टाकीला जोडलेल्या व्हरांड्यातल्या नळाचं पाणी प्यायल्या त्याच आजारी पडल्या. डाळ सगळ्यांनीच खाल्ली होती. पुढं होतं: स्वयंपाकिणीचा खुलासा भीतीपोटी दिलेला दिसतो. तिची चूक नाही. दवाखान्यात तिने एकाही मुलीला नजरेआड होऊ दिले नाही. तिच्यावर कारवाई करू नये. त्याखाली दुसऱ्या पेनानं: मान्य, प्रकरण बंद करावे. साहेबांची सही. शिक्का.

"कबुतर!" दादा म्हणाले. "अन् तुमी तेचं पाप अकरा साल डोक्यावर घेऊन फिरून राहिल्या!"

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर दुसरंही आलं. पाणी कागदावर पडू नये म्हणून मी खुर्ची मागं ओढली.

तो शेवटचा निर्णय फाईलमध्येच राहिला होता. त्याची नोंद सेवापुस्तकात कुणी घेतली नव्हती. लाल ओळ एका पुस्तकात, तिचा निकाल दुसऱ्या कपाटात. ती मुलगी म्हणाली, नोंद मी आजच लिहिते, साहेबांची सही घेते, आणि या दोन पानांची प्रत तुम्हाला देते. मी विचारलं, "मला मिळते का प्रत?" ती म्हणाली, "तुमचीच तर आहे." मग तिनं सहावी अनुत्तीर्णवर बोट ठेवून विचारलं, "हे बरोबर आहे का?" मी म्हटलं, "राहू द्या मॅडम. एका दिवसाला एवढं पुरे."

परतीच्या बसमध्ये मला बाबूंचा राग आला. चांगलाच आला. एक ओळ लिहायची राहिली त्यांच्याकडून, आणि आबा एकटे पायऱ्यांवरून घसरले. पण मग अनुकंपाचे ते पाच हेलपाटे आठवले, दर वेळी त्यांनी मागवलेला चहा आठवला, आणि राग पुरा धरवेना. दोन्ही खरं आहे. मी दोन्ही ठेवून घेतलं. दादा खिडकीला डोकं लावून झोपले होते. या माणसानं आपली सुट्टी माझ्यासाठी घालवली आणि एकदाही तसं बोलून दाखवलं नाही.

पाचवा अर्ज गेला. त्याचं उत्तर आलं. सांगली जिल्हा, मुलींचंच वसतिगृह, आमच्या गावापासून एका बसच्या अंतरावर. पाकीट मी देवापुढं ठेवलं नाही, दारातच फाडलं. आबांना फोन केला तर म्हणाले, "सुटली व्हय म्हस!" आणि मग नाक शिंकरल्याचा आवाज आला.

जायच्या आधी एक काम राहिलं होतं. गृहपाल मॅडम रिटायर होऊन लाखनीला राहतात असं जुन्या मदतनीस बाईकडून कळलं. एका रविवारी भंडाऱ्याहून एक छोटा पितळी तांब्या घेतला आणि लाखनीची बस धरली. हायवेच्या ट्रकांच्या आवाजातून आत गल्लीत वळल्यावर त्यांचं घर. मॅडम आता बारीक झाल्यात, केस पांढरे. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला.

"अगं, तू! ये, ये. कशी आहेस?"

मी तांब्या पुढं केला आणि पाया पडले. "मॅडम, तुम्ही माझ्याबद्दल लिहिलं होतं. कबुतराचं."

"कबुतराचं?" त्या आठवायला लागल्या. "टाकीला झाकण नव्हतं, त्याच्यासाठी मी भांडून राहिली होती, एवढं आठवते. बाकी... मी काय लिहिलं होतं?"

मी वाटेत ठरवलेलं सगळं बोलणं विसरले. पिशवीतून प्रत काढून दिली. त्यांनी चष्मा शोधला, उजेडाकडं वळून वाचलं. शेवटापर्यंत आल्यावर परत वरून वाचलं.

"अक्षर तर माझंच आहे," त्या म्हणाल्या.

"मला सांगितलं का नाही मॅडम?"

"मला वाटलं, ऑफिसनं कळवलं असेल. माझी बदली झाली त्या गडबडीत. अन् तू? तू का नाही विचारलं?"

"भ्यायले."

त्या हसल्या नाहीत. "मी निघाली त्या दिवशी तू गेटशी उभी होती. बोलायलाही आली नाहीस. मला वाटलं, त्या नोटिशीचा राग धरला हिनं माझ्यावर. वाईट वाटलं होतं मला."

"राग नाही हो मॅडम. तोंड दाखवायची लाज वाटत होती."

मग त्यांनी चहा ठेवला. मी उठायला लागले तर म्हणाल्या, बस, आज मी करते. चहा घेताना तो कागद त्यांच्या मांडीवरच होता. त्याच्या कडेवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "तीस वर्षं नोकरी केली. माझ्याबद्दलही कोणी काय काय लिहिलं असेल. चांगलं, वाईट. मी कधी पाहिलंच नाही."

"कधीच?"

"गृहपाल असून कसं मागायचं? साहेब म्हणतील, यांच्या मनात काहीतरी आहे. आता तर रिटायर झाले. आता कोण दाखवते?"

"दाखवतात," मी म्हटलं. "साधा अर्ज पुरतो मॅडम. दोन ओळींचा."

"काय लिहायचं असते त्यात?"

"कागद द्या. मी लिहून देते."

त्या उठल्या, आतून वही आणि पेन घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवलं. मी तारीख घातली, खाली 'प्रति' लिहिलं, आणि त्यांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं.